डब्यातला डेलिया

शुक्रवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मीराचे दोन्ही हात मातीने बरबटलेले होते. तिने करंगळीने फोन स्पीकरवर टाकला, आणि त्यामुळे पलीकडच्या बाईचं बोलणं गच्चीवर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनीही ऐकलं.

“सीतारामचं घर ना? मी इनेझ बोलते. अंधेरीच्या क्लेमेंटची मुलगी. पेपरातला फोटो बघितला. पत्ता तुमच्या त्या इन्स्टावर आहेच. रविवारी येते म्हणून सांग त्याला.”

मीरा काही विचारणार तोवर फोन बंद झाला होता. तिने वळून बघितलं. आप्पा कुंडीशेजारी उकिडवे बसले होते ते तसेच होते, फक्त त्यांचा हात थांबला होता.

“कोण हो, आप्पा?”

“जुनं आहे,” ते म्हणाले. गुडघ्यावर हात टेकत उठले आणि जिन्याने खाली निघून गेले. त्यानंतरच्या दोन दिवसांत ते धड जेवले नाहीत.

चूक आपली आहे हे मीराला कळत होतं. नेमकी काय चूक, ते कळत नव्हतं. मुलुंडच्या या इमारतीच्या गच्चीवर निकाळज्यांच्या दोनशे कुंड्या होत्या. आप्पांनी हौशीने लावलेला हा पसारा लॉकडाऊनमध्ये मीराने विक्रीला काढला होता. डेलियाचे कंद भुशात बांधून ती नाशिकला, कोल्हापूरला, पार इंदूरपर्यंत कुरियर करायची. तिच्या मुलीचं, तेजलचं, नर्सिंगचं शिक्षण त्यावर चाललं होतं. बाकी कुठल्याही फुलाला आप्पांची ना नव्हती. फक्त एकाला होती. काळपट लाल, जेवणाच्या ताटाएवढं, आणि प्रत्येक पाकळीचं टोक दुधात बुडवून काढल्यासारखं पांढरं. त्याला नाव नव्हतं. सासूबाई त्याला ‘डब्यातला’ म्हणायच्या म्हणून सगळेच म्हणायचे. “डब्यातला विकायचा नाही, कुठे न्यायचाही नाही,” एवढंच आप्पा सांगत. जानेवारीत ते पुतण्याच्या लग्नाला गावी गेले आणि मीराने तो प्रदर्शनात नेला. कप मिळाला. पेपरात फोटो आला, खाली ‘सीताराम निकाळजे, मुलुंड’ असं नाव. परत आल्यावर आप्पांनी कपाकडे बघितलं आणि न बोलता आत गेले. मीराला वाटलं, म्हातारा माणूस, लाजला.

दरवर्षी मार्चअखेरचा एक रविवार घरात कंद काढण्याचा असतो. फुलं संपलेली, पानं पिवळी पडलेली. मग कुंड्या पालथ्या करायच्या, मुळांचे गड्डे झटकायचे, एकेक कंद सुटा करून राखेत घोळवायचा आणि पावसाळा संपेपर्यंत कोरड्या वाळूत झाकून ठेवायचा. धाकटा दीर आकाश घाटकोपरहून बायकोला, चेतनाला, घेऊन येतो. खाली मटण शिजतं, वर दिवसभर थट्टामस्करी चालते. या रविवारी मटण शिजत होतं. थट्टा कुणी केली नाही.

आकाश साडेआठलाच एक फॉर्म घेऊन आप्पांसमोर बसला होता.

“एक सही, आप्पा. ‘हे वाण मी स्वतः तयार केले आहे.’ एवढंच लिहिलंय. पुण्याकडची एवढी मोठी नर्सरी हे वाण घ्यायला स्वतःहून मागे लागलीय. तुम्हीच केलंय ना तयार?”

“मीच.”

“मग?”

“आज नको.”

“पंधरा दिवस ‘आज नको’ चाललंय! ती बाई यायच्या आत सही करून टाका. ती येऊन काय फाटे फोडेल कोण जाणे.”

“आकाश, बस कर ना,” अनिरुद्ध म्हणाला. मीराचा नवरा महापालिकेच्या पाणी खात्यात होता. घरात आवाज चढला की उठून नळ तपासायला जाणारा माणूस. आताही तो उठून टाकीकडे गेला. मीरा हात धुवायच्या निमित्ताने त्याच्यामागे गेली.

“तुला काहीतरी माहितीय,” ती हळूच म्हणाली.

त्याने नळ सोडला. “आम्ही अंधेरी सोडली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. क्लेमेंटसाहेबांच्या वाडीतच आमची खोली होती. आप्पा त्यांच्याकडे माळी. आई नेहमी सांगते, मुलुंडला शाळा चांगली म्हणून आलो. अंधेरीत काय शाळा नव्हत्या?”

“मग?”

“एक दिवस सगळं गावठाण वाडीत जमलं होतं. आप्पांनी मला पुढे ओढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाले, ‘मी नेलेला नाही.’ काय नेलेलं नाही, मला कळलंच नाही. वाटलं, घड्याळबिड्याळ असेल. आठ दिवसांनी आम्ही टेम्पोत सामान भरून निघालो.” त्याने नळ बंद केला. “आता क्लेमेंटची मुलगी फुलाचा फोटो बघून येतेय.”

आजवर या घरात कुणाशी भांडण झालं की अनिरुद्ध एकच सांगायचा, आमचे आप्पा खोटं बोलत नाहीत.

ती परत आली तर चेतनाने कात्री चालवायला घेतली होती. डब्यातल्याचे यंदा चारच गड्डे होते. त्यातल्या एकाचे सगळे कंद तिने छान सुटे करून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले होते, बाजारात रताळी मांडतात तसे.

“अगं, हे काय केलंस!” मीरा ओरडलीच. “मानेच्या खाली कापलेस सगळे!”

“म्हणजे?”

“डोळा वर असतो, जुन्या दांड्याला चिकटून. हा बघ, टाचणीच्या डोक्याएवढा. तो कंदाबरोबर यायला हवा. तो नसेल तर कंद आंधळा. मातीत वर्षभर ठेव, कोंब येत नाही. नुसता कुजतो. गेले हे सगळे.”

चेतनाचा चेहरा उतरला. “मला कोणी सांगितलं होतं? मागच्या वर्षी मला नुसतं राखेच्या पाटीपाशी बसवलं होतं.”

“वहिनी, तू तिच्यावर कशाला ओरडतेस?” आकाश उसळला. “घरचं काम म्हणून सुट्टीचं येतो आम्ही. फायदा कोणाला होतो, ते सगळ्यांना माहितीय.”

“फायदा? दोनशे कुंड्यांना पाणी कोण घालतं रोज?”

“आणि नर्सरीशी बोलणं कोणी केलं? तुझ्या त्या भुशाच्या पुड्या बांधून आयुष्यभर—”

“गप्प बसा,” आप्पा म्हणाले. ते फार हळू बोलले, पण सगळे गप्प झाले, कारण त्याच वेळी गच्चीच्या दारात तेजल उभी होती आणि तिच्यामागे पांढरे केस बारीक कापलेली, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक बाई जिना चढून धापा टाकत होती. तिच्या पर्सच्या पट्ट्याला झावळीचा छोटा क्रूस खोचलेला होता. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार होता तो. चर्चमधली सकाळची मिस्सा करूनच ती निघाली असणार.

“सीताराम,” ती म्हणाली. “म्हातारा झालास रे.”

“या, इनेझबाई,” आप्पा उठून उभे राहिले.

आकाशच्या कपाळाला आठी पडली. “मॅडम, ते तुमच्यापेक्षा वयाने मोठे आहेत.”

“आमच्या गावठाणात बापालाही तू म्हणतात, बाबा.” तिच्या मराठीला तिकडचा हेल होता. “तू धाकटा ना? एवढासा होतास. आमच्या विहिरीच्या कठड्यावरून तुला दोनदा खाली उतरवलाय मी.”

मीराने खुर्ची पुढे केली. इनेझ बसली नाही. पालथ्या कुंड्या, राख, वाळूची खोकी, सगळ्यांवरून तिची नजर फिरली आणि डब्यातल्याच्या गड्ड्यांपाशी येऊन थांबली. तिने पर्समधून एक फोटो काढला आणि आप्पांच्या हातात न देता मीराच्या हातात दिला. फोटोत एक गोरी, देखणी बाई दोन्ही तळहातांवर एकच फूल तोलून उभी होती. काळपट लाल, टोकं पांढरी.

“माझी मम्मी. रोझलिन. फुलाला डॅडींनी तिचंच नाव दिलं होतं. त्या वर्षीचा कप अजून आमच्या हॉलमध्ये आहे.” मग ती आप्पांकडे वळली. “डॅडी जाईपर्यंत सांगत होते, सीतारामने पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं सांगितलं. मी भांडायची त्यांच्याशी. म्हणायची, डॅडी, कंद घुशीने नेला असेल, सीताराम खोटं बोलणारा माणूस नाही. शेवटपर्यंत भांडले. आणि जानेवारीत पेपर उघडला.”

अनिरुद्ध हातातला गड्डा खाली ठेवून सरळ उभा राहिला.

“आप्पा?” तो म्हणाला. चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाचा तो आवाज नव्हता.

“मी बोललो ते खरं होतं,” आप्पा म्हणाले.

“मग हे काय आहे?” इनेझने गड्ड्यांकडे बोट दाखवलं. “डेलिया बियांवरून तसाच्या तसा येत नाही, हे तूच शिकवलंस मला. हे फूल जगात एकाच झाडाला आलं होतं. त्याचा कंद असल्याशिवाय ते इथे येईल कसं?”

मीरा आप्पांकडे एकटक बघत होती. ते इनेझकडे बघत होते, अनिरुद्धकडे बघत होते, जमिनीकडे बघत होते. एका बाजूला मात्र त्यांची नजर मुळीच जात नव्हती. जिन्याच्या दाराकडे. तिथे सासूबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. आणि मीराला एकदम कळलं.

“मी घेतला,” सासूबाई म्हणाल्या.

“जया, खाली जा,” आप्पा म्हणाले.

“नाही जात. बत्तीस वर्षं खालीच आहे.” त्यांनी ट्रे टाकीच्या कठड्यावर ठेवला. कप वाजले नाहीत. “इनेझ, कंद मी घेतला. तुझ्या डॅडींनी गड्डा काढून पडवीत ठेवला होता, त्यातला एक. विळीने कापला, डोळ्यासकट, आणि तांदळाच्या डब्यात खाली घालून ठेवला. यांना माहीत नव्हतं. पोराच्या डोक्यावर हात ठेवून हे बोलले ते यांच्या बाजूने खरं होतं. डबा तेव्हा चार हातांवर होता.”

“आई!” अनिरुद्ध म्हणाला. “तू तिथेच होतीस. तू बोलली नाहीस?”

“नाही बोलले.”

“माझ्या डोक्यावर हात होता!”

“माहितीय.” त्या अनिरुद्धकडे वळल्या. “तेव्हा बोलले असते तर सगळ्या गावठाणासमोर यांची बायको चोर ठरली असती. आपल्या लोकांना ती माणसं आधीच काय समजायची, तुला नाही कळायचं. मी म्हटलं, चार दिवसांत विसरतील. नाही विसरले. कुणी यांना कामाला बोलवेना. इथे आल्यावर ऑक्टोबरात मी तो कंद डालड्याच्या डब्यात लावला. जानेवारीत फूल उमललं तेव्हा यांना कळलं. पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी उठले आणि त्याला पाणी घातलं. तेव्हापासून आजपर्यंत त्यावर एक शब्द नाही.”

“तेव्हाच परत द्यायला काय झालं होतं?” इनेझने विचारलं. ती आता खुर्चीत बसली होती. “नेऊन दिला असता. डॅडी चिडले असते, ओरडले असते, संपलं असतं.”

“आणि काय सांगून दिला असता?” आप्पा पुटपुटले. “बायकोने आणला म्हणून?”

“पण जया, चोरी ती चोरीच ना गं?”

सासूबाई दोन पावलं पुढे आल्या. उंचीने त्या बसलेल्या इनेझएवढ्याच होत्या. “ते तू मला सांगू नकोस, इनेझ. तू होतीस तिथे. तीस वर्षांची होतीस, काही लहान नव्हतीस. हे झाड कुठे उगवलं ते सांग माझ्या पोरांना.”

इनेझ झावळीच्या क्रुसाशी चाळा करत राहिली.

“सांग ना. साहेबांच्या वाफ्यात उगवलं का?”

“बी डॅडींच्या झाडाचं होतं.”

“वाळलेली बोंडं होती ती. कचऱ्यात टाकलेली. यांनी वेचून आणली. साहेब म्हणाले होते, बियांवरून काही चांगलं येत नाही, फुकटची मेहनत. यांनी आमच्या खोलीच्या मागे, तेलाच्या डब्यांत लावलं ते बी. चाळीस डबे. रोज ड्युटी संपल्यावर पाणी. एकोणचाळीस डब्यांत साधी फुलं आली आणि एकात हे आलं. साहेब बघायला आले, आणि दुसऱ्या दिवशी डबा उचलून तुमच्या बंगल्यासमोर ठेवला. प्रदर्शनात गेला तो त्यांच्या नावाने, तुझ्या आईच्या नावाने. यांनी तोंडातून ब्र काढला नाही. सांग, डबे कोणाचे होते?”

खालच्या रस्त्यावर कुणाचा तरी ट्रक मागे घेताना पींपीं करत होता.

“त्याचे होते,” इनेझ म्हणाली. “सीतारामचे. मी बघायची खिडकीतून.”

आकाशने लगेच मान वर केली. “ऐकलंत ना सगळ्यांनी? वाण आप्पांचंच आहे. म्हणजे कायद्याने—”

“आकाश,” चेतना म्हणाली, “गप्प बस रे जरा.” मघापासून कोपऱ्यात रुसून बसलेल्या जावेकडे मीराने चकित होऊन बघितलं. चेतना उठून सासूबाईंच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

इनेझने डोळे पुसले नाहीत, पण चष्मा काढून पुन्हा घातला. “मी भांडायला आले होते. प्रदर्शनवाल्यांना पत्र लिहिणार होते, की फुलाचं नाव रोझलिन आहे, तसं छापा. आता ते नाही लिहीत.” ती थांबली. “मम्मी ब्याण्णव वर्षांची आहे. बिछान्यावरच असते. आमच्याकडचे कंद तू गेलास त्याच पावसाळ्यात कुजले, सीताराम. पडवीतच ओलीत पडू दिले डॅडींनी. कसे ठेवायचे ते तुलाच माहीत होतं. मम्मी अजून विचारते, माझं फूल कुठे गेलं. एक कंद देशील?”

“कंद मीरा देईल,” आप्पा म्हणाले. “मोठ्या बाईंना घरात त्याला रोझलिन म्हणायचं असेल तर म्हणू दे. बाईंनी कधी वाईट वागवलं नाही आम्हाला. पण कागदावर ते नाव येणार नाही.”

“नाही येणार,” इनेझ म्हणाली.

सगळे मीराकडे बघू लागले. ती वर्तमानपत्रापाशी वाकली. समोर चेतनाने कापलेले कंद ओळीने पडले होते, गुबगुबीत, स्वच्छ, एकही डोळा नसलेले. आकाश कुंडी सरकवायच्या बहाण्याने तिच्या शेजारी येऊन बसला.

“यातलाच दे एक,” तो ओठ न हलवता म्हणाला. “आंधळा. तिला काय कळणार? उद्या तिने दहा जणांना वाटले तर नर्सरी आपल्याला विचारणार पण नाही. आणि आपल्या बापाला घराबाहेर काढलं यांनी, वहिनी. विसरू नको.”

मीराने एक कंद उचलला. हातात छान भरला तो. मनातल्या मनात तिला कबूल करावं लागलं की आकाश म्हणतो ते आधी तिच्याच मनात येऊन गेलं होतं. ही बाई तो घरी नेईल, जपेल, सप्टेंबरात लावेल, रोज पाणी घालेल, तिची म्हातारी आई रोज विचारेल, आणि कोंब येणार नाही. कुणाचा दोषही दिसणार नाही. बत्तीस वर्षं आप्पांनी गिळलं, क्लेमेंटच्या घराने एक वर्ष गिळावं.

तिने मान वर केली तर आप्पा तिच्याच हाताकडे बघत होते. त्यांना इतक्या लांबूनही दिसत होतं तो कुठला कंद आहे ते. त्यांनी अडवलं नाही.

मीराने तो कंद खाली टाकला. शाबूत गड्ड्यांतला सगळ्यात चांगला तिने ओढून घेतला, सुरी पुसली, आणि दांड्याच्या बाजूने, मान राखून, दोन स्पष्ट डोळ्यांचा एक कंद सोडवला. राखेत घोळवला. आकाश उठून कठड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

“हे डोळे,” तिने इनेझला दाखवलं. “इथूनच कोंब येतो. कोरड्या वाळूत, सावलीत ठेवा. पावसाळाभर पाण्याचा थेंब नको. गणपती झाले की लावा. आणि अडलं तर मला फोन करा, मी येईन.”

“फूल कधी येईल?”

“जानेवारीत.”

“जानेवारी,” इनेझ म्हणाली. ब्याण्णव वर्षांच्या बाईसाठी जानेवारी किती लांब आहे, ते सगळ्यांनाच दिसत होतं. इनेझने रुमाल पसरला, कंद त्यात बांधला आणि उठली.

“थांब,” सासूबाई म्हणाल्या. “एक माझं आहे.”

“बोल ना.”

“गावठाणात जाऊन सांग. त्या दिवशी जे जमले होते त्यातले जे उरले असतील, त्यांना. की सीताराम खोटं बोलला नव्हता. कंद जयाने घेतला होता. माझं नाव घेऊन सांग.”

“जया!” आप्पांचा आवाज चढला. मीराने तो तसा कधीच ऐकला नव्हता. “तू चोर नाहीस. माझ्या डब्यातलं माझ्या घरात आणलंस. कशाला स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतेस?”

“तुम्ही माझ्यासाठी खोटारडे राहिलात ना एवढी वर्षं? पुरे झालं आता.”

इनेझ दोघांकडे बघत होती. “मी सांगितलं तर लोक म्हणतील, बाप गेल्यावर पोरगी बापाला खोटं पाडते. कसं सांगू मी, जया? आज संध्याकाळी मिस्साला सगळे असतील. पण माझी जीभ नाही उचलायची.”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला होता तो सोडला, झटकला, दोन्ही खांद्यांवरून घेतला. “मग मीच येते.”

“आत्ता?”

“आत्ताच. उद्या मला पण नाही जमायचं.”

अनिरुद्ध पुढे झाला. मीराला वाटलं तो अडवणार. बारा वर्षांच्या मुलाचा तो राग अजून त्याच्या चेहऱ्यावर तसाच होता. पण तो म्हणाला, “उन्हाची निघालीस, टोपी नाही की छत्री नाही. रिक्षा खाली आणतो मी,” आणि आईकडे न बघता जिना उतरून गेला.

आप्पा गेले नाहीत. “मला नाही यायचं,” एवढंच म्हणाले. मीरा खाली पोचवायला गेली. रिक्षात सासूबाई आणि इनेझ मध्ये पर्स ठेवून बसल्या, दोघी समोर बघत. रिक्षा निघाली, आणि मग मीराला दिसलं की इनेझने पर्स उचलून मांडीवर घेतली आहे.

दुपारी मटण कुणी फारसं खाल्लं नाही. आकाशने फॉर्म घडी करून खिशात ठेवला. आप्पाच त्याला म्हणाले, “उद्या आण. करतो सही.” त्यावर आकाश नुसतं “हं” म्हणाला आणि बऱ्याच वेळाने मीराच्या शेजारी येऊन बसला, खोकी उचलू लागला. चेतनाने मीराकडून सुरी मागून घेतली. “दाखव पुन्हा. कुठे असतो डोळा?” मीराने दाखवलं. पहिले दोन तिने बिघडवले, तिसरा नीट निघाला. उरलेले गड्डे त्या दोघींनी मिळून संपवले. आप्पा त्यांच्यासमोर वाळू चाळत बसले होते. चाळलेलीच वाळू पुन्हा चाळत होते.

साडेसातच्या सुमाराला अनिरुद्धचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि तसाच आप्पांपुढे धरला. “आई.”

आप्पांनी हात धोतराला पुसून फोन घेतला. सासूबाई फोनवर नेहमी मोठ्याने बोलायच्या, त्यामुळे शेजारी बसलेल्या मीराला सगळं ऐकू येत होतं.

“सांगितलं,” त्या म्हणाल्या.

“कोणाला?”

“मिस्सा सुटली होती. क्रुसापाशी माणसं उभी होती. म्हातारी पाच-सहाच उरलीत, बाकी सगळी नवी. तरुण पोरांना काही कळेना ही बाई काय बोलतेय. इनेझ माझ्या बाजूला उभी राहिली होती. शेवटी तीच बोलली, डबे सीतारामचे होते म्हणून.”

“मग? काय म्हणाले?”

“कुणी काही म्हणालं नाही. एक बाई रडली, कोण होती ओळखली नाही मी. रोझलिनबाईंना भेटले. त्यांनी मला ओळखलं नाही, पण हात सोडत नाहीत. जेवून येते, मच्छी केलीय.” त्या थांबल्या. पलीकडे कुणीतरी काहीतरी विचारत होतं. “ऐका, इथे एकजण मघापासून मागे लागलाय. विचारतोय, सीताराम आहे का अजून. मी म्हटलं, आहे. देऊ का?”

“कोण?”

“रिचर्ड. पावाच्या भट्टीवाला. त्या दिवशी तोही होता वाडीत.”

आप्पा उठून उभे राहिले. मीराने त्यांचा दुसरा हात धरला. फोनवर खरखर झाली, कुणीतरी खोकलं, आणि मग एक म्हातारा आवाज इतका हळू बोलला की मीराला शब्द कळले नाहीत.

आप्पा ऐकत राहिले. खूप वेळ ऐकत राहिले.

“हो,” मग ते म्हणाले. “मीच.”